मऊ बूट, ताठ पाय
निकोला मेर्मू आणि जाँ-ल्युक दिआर यांनी २००९ मध्ये फ्रान्समधल्या आनसी इथे ‘होका’ ही बुटांची कंपनी काढली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर डांबरी रस्ता नव्हता, डोंगराचा उतार होता. दोघेही सालोमाँ या डोंगरी खेळांचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीत मुरलेले. चढणीवर दम लागतो, पण मांड्यांचा खरा कस उतरणीवरच लागतो. रुंद स्की आणि जाड टायरच्या सायकली उतारावर निर्धास्त धावतात, मग बूटच का नाही, असा त्यांचा हिशेब. रीयुनियन बेटावरच्या एका दुर्गम दरीचं नाव घेऊन ‘माफात’ हा पहिला बूट आला. त्या काळच्या बुटांच्या मानानं त्याचा सोल दांडगाच होता.

वारं मात्र उलट्या दिशेनं वाहत होतं. त्याच वर्षी ख्रिस्तोफर मॅक्डूगल यांचं ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं आणि अनवाणी धावण्याची लाट उसळली. २०१० मध्ये हार्वर्डचे डॅनियल लिबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुतेकदा चवड्यावर उतरतात आणि टाचेवर आपटणाऱ्यांना बसतो तसा हादरा त्यांना बसत नाही. पाचही बोटं वेगळी दिसणारे पातळ बूट धडाधड खपले. २०१४ मध्ये आरोग्याविषयीच्या दाव्यांवरून झालेला खटला ते बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीला ३७.५ लाख डॉलर मोजून मिटवावा लागला. तोवर जाड सोलवाल्यांचे दिवस आले होते.

मऊपणा हा काही होकाचा शोध नव्हे. १९७०च्या दशकाच्या मध्यात ब्रूक्स कंपनीनं धावण्याच्या बुटात ईव्हीए फोम घातला, तो पुढे सगळ्यांनीच उचलला. त्यात हवेची असंख्य बारीक, बंद घरं असतात. पाय पडला की दबतात, उचलला की फुगतात. वापरून वापरून ती बसतात आणि सोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या उमटतात. धावताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. तेव्हा जाड फोमनं सांधे वाचतील, असं वाटणं स्वाभाविक आहे. बुटाच्या टाचेवर यंत्रानं वजन आदळलं तर उत्तरही तसंच येतं.

पण बुटात पाय असतो, आणि तो आपलं वागणं बदलतो.

फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १२ पुरुष धावपटूंना होकाचा जाड बूट आणि ब्रूक्सचा साधा बूट घालून ताशी १० आणि १४.५ किलोमीटर वेगानं धावायला लावलं. जास्त वेगाच्या धावेत जाड बुटातला सुरुवातीचा हादरा सुमारे १० टक्क्यांनी अधिक भरला! पायाखाली मऊ लागलं की पाय कमी लवतो, ताठ राहतो; बुटानं दिलेली सवलत शरीर तिथल्या तिथे खर्चून टाकतं.

हादरा वाढला म्हणजे दुखापत वाढलीच, असं मात्र नाही. ते पाहायला माणसं महिनोन्‌महिने धावायला हवीत. लक्झेंबर्गमध्ये ते झालं. ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखे, पण कमी-जास्त मऊ बूट दिले, कुणाला कोणता हे सांगितलं नाही आणि सहा महिने नोंदी ठेवल्या. २०२० मध्ये निष्कर्ष आले: टणक बुटांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट. मऊपणाचा फायदा स्पष्ट दिसला तो हलक्या वजनाच्या धावपटूंना. जड धावपटूंमध्ये ठोस फरक आढळला नाही. भारी अंगाच्या माणसाला जास्त कुशन हवं, या जुन्या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे. शिवाय इथे फरक मऊपणाचा होता, जाडीचा नव्हे. या दोन गोष्टी सर्रास एकच धरल्या जातात.

जाडीला लगाम बसला तो दुखापतींमुळे नव्हे, वेगामुळे. उसळी देणारा नवा फोम आणि त्यात कार्बनची पट्टी आल्यावर विक्रम झपाट्यानं मोडू लागले. २०२०च्या जानेवारीत जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची कमाल जाडी ४० मिलिमीटर ठरवली. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा २ तास ९ मिनिटं २२ सेकंदांत पहिला आला. त्याच्या बुटाचा सोल ५० मिलिमीटर निघाला. हुरिसा बाद झाला आणि केनियाच्या लिओनार्ड लांगाटला विजेता जाहीर करण्यात आलं.