जवारी लावायला मिरजेला

तंबोरा घडवून घ्यायचा तर पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे गाणाऱ्याचा सा कुठला. पुरुषाचा आवाज काळी एकच्या आसपासचा, बाईचा काळी चार-पाचचा. त्यावरून दांडीची लांबी, भोपळ्याचा घेर आणि तारांची जाडी ठरते. गिऱ्हाईक कोण आणि ते गातं कसं हे कळल्याशिवाय कारागिराला कामाला हातच घालता येत नाही. मिरजेच्या सतारमेकरांचा धंदा दीड शतकाहून जास्त टिकला, त्याला ही अडचणच कारण झाली असं मला वाटतं. तयार माल मांडून वाट बघत बसायची सोय त्यांना कधी नव्हतीच.

सुरुवात तलवारींपासून झाली. ही मंडळी शिकलगार, हत्यारांना धार लावणं हा पिढीजात उद्योग. संस्थानं इंग्रजांच्या छत्राखाली गेली, लढाया थांबल्या, धार लावायला कोणी येईना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी मोडकी वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि त्यातूनच ते सतारी-तंबोरे घडवू लागले, असं मिरजेत सांगतात. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पुढे व्यवसायच आडनाव झाला, सतारमेकर. आज एक गल्ली त्या नावाने ओळखली जाते.

दुरुस्तीवर सुरू झालेला धंदा आजही दुरुस्तीवरच उभा आहे. याचं कारण जवारी. तबलीवरच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलकासा उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि तिथून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो, तीच जवारी. तारेखाली एक बारीक दोरा सरकवायचा, केसभर इकडेतिकडे झाला की आवाज एकदम उघडतो नाहीतर मिटतो. कारागीर कानस घेतो, दोन हात मारतो, तार चढवतो, छेडतो, मान हलवतो, तार उतरवतो, पुन्हा कानस. घाईचं हे काम नाहीच. वाजवून वाजवून तार घोडीत खाच पाडते, नाद बसका होतो, आणि वाद्य पुन्हा मिरजेची वाट धरतं. कोणाला खुली जवारी लागते, कोणाला बंद, कोणाला मधली. दहा वर्षांपूर्वी याच गवयाला काय आवडलं होतं हे कारागिराच्या कानात असतं, आणि आता त्याचा आवाज जरा जड झालाय हेही. विकल्यावर गिऱ्हाईक परत येतं ते तक्रार घेऊन, असा बहुतेक धंद्यांचा अनुभव. इथे परत येणं हाच धंद्याचा निम्मा भाग.

मिरज गाव त्यांच्या पथ्यावर पडलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले. त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेब इथेच स्थायिक झाले. ते बीन वाजवत, वाद्याच्या अंतरंगाची त्यांना जाण होती. असं गिऱ्हाईक कारागिराला शिकवूनही जातं. १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर खाँसाहेबांचा देह पडला, दफन मात्र मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात झालं. उरुसात दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली गाण्याच्या मैफली होतात. नामांकित गवयांनी हजेरी लावायची, हा रिवाज. सतारमेकरांना जाहिरात करायची गरज पडत नसेल तर त्यात नवल काय? भीमसेन जोशींपासून रशीद खाँपर्यंत मिरजेचे तंबोरे ज्यांच्या मागे वाजले त्यांची यादी सांगायला गल्लीतलं पोरसुद्धा पुरे.

आमच्या वाशीमकडून मिरज लांब. पण शेगावची पालखी मेडशी, शिरपूर, रिसोड करत पंढरीला जाते तेव्हा विणेकऱ्यांच्या गळ्यात भोपळ्याची वीणा असतेच. मिरजेत वारकऱ्यांची वीणाही घडते आणि तिथल्या वाद्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारातून. हे खाण्याचे भोपळे नव्हेत, जाड सालीचे आणि कडू. ते उत्तम पिकले-वाळले तर वाद्य उत्तम, म्हणजे शेतकऱ्याशीही सतारमेकराला नातं राखून असावं लागतं. शेतातून भोपळा निवडताना कारागीर मनात कुठल्या पट्टीचा तंबोरा बघत असेल, कोण जाणे.

धक्का बसला तो विजेवरच्या तंबोऱ्याचा. १९७९ च्या सुमारास बंगळूरहून ती पेटी आली, पुढे मोबाइलमध्येच तंबोरा आला. बटण फिरवलं की हवी ती पट्टी. ना जवारी लावायची, ना खुंट्या पिळायच्या. मोठे गवई खऱ्या तंबोऱ्याला धरून राहिले, शिकाऊ पोरं निसटली. विक्री घटली ते दिसतं; ओळख तुटली ते मात्र हिशेबाच्या वहीत येत नाही. शिकाऊ मुलगी पहिला तंबोरा घ्यायला वडिलांबरोबर यायची, दर दोन-तीन वर्षांनी जवारीसाठी यायची, आणि ती नावारूपाला येईपर्यंत सतारमेकर तिचा गळा ओळखून असायचा. ते येणं-जाणं थांबलं.

३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीचं मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरच्या नावे, तानपुऱ्याचं सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर फर्मच्या नावे. गावात साडेचारशेहून अधिक कारागीर या कामात आहेत असं तेव्हा सांगण्यात आलं. दुसरीकडे घडवलेला माल मिरजेचा म्हणून खपवणाऱ्यांना यामुळे आळा बसेल, हे चांगलंच झालं. नोंदणीच्या कागदात लाकूड येतं, भोपळा येतो, घडणही येते. कानस कुठे थांबवायची ते त्यात येत नाही. त्यासाठी जुन्या कारागिराशेजारी बसून वर्षानुवर्षं नुसतं ऐकावं लागतं, आणि मिळेल त्या मजुरीत तेवढं बसणारी पोरं गल्लीत आता कमी उरली आहेत.