पंचांगावरचा अंगठा

पंचांगाने तिथी सांगावी, ग्रहण सांगावे, लग्नाचा मुहूर्त काढून द्यावा. पण एका पंचांगाने चोर पकडून दिला, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असेल.

साल १८९७. बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पैसे गेले, पाहणारा कोणी नव्हता. मागे राहिले एक बंगाली पंचांग आणि त्यावर तपकिरी डाग. तो अंगठ्याचा ठसा निघाला! कलकत्त्याच्या कचेरीत ताडून पाहता तो मृताच्या एका जुन्या नोकराचा ठरला. पूर्वी चोरीत शिक्षा झाल्याने त्याचे ठसे दप्तरी होतेच. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून मात्र सोडले. हात इथे पडला होता, एवढेच अंगठा सांगतो. त्या हाताने आणखी काय केले ते सांगत नाही. हा विवेक मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

या विद्येचा आरंभही बंगालचाच. १८५८ साली विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. उद्या ‘सही माझी नव्हे’ म्हणायची त्याला छाती होऊ नये, एवढाच हेतू. पुढे ठसे साठले, तेव्हा प्रश्न पडला, की हजारोंतून हवा तो शोधायचा कसा? बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तो सोडवला. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. जोड्यांना अनुक्रमे १६, ८, ४, २, १ अशा किमती द्यायच्या, आणि बोटावर भोवरा असेल तरच ती किंमत धरायची. जोडीतल्या एका बोटाची बेरीज वर, दुसऱ्याची खाली. दोहोंत एकेक मिळवायचा. झाले! ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ खण. किती साधे, आणि किती बुद्धीचे! १९०१ साली ही पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली. नाव मात्र पडले ‘हेन्री पद्धत’.

पण वाचकहो, याला दुसरी बाजूही आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने त्यांतील नोंदलेल्यांचे ठसे, गुन्हा केलेला असो वा नसो, घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आपल्या सोलापूरची तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ याच कायद्याची. तिथल्या माणसाला हजेरी चुकत नसे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. १९५२ साली हा कायदा देशभर रद्द झाला. कपाळावरचा शिक्का मात्र कायद्याबरोबर पुसला गेला नाही.

आज १०२४ खणांची जागा संगणकाने घेतली आहे. २०२२ च्या कायद्याने पोलिसांना बोटांबरोबर डोळ्याच्या बुबुळाचीही नोंद घेता येते, आणि ती ७५ वर्षे जपता येते. निर्दोष सुटलेल्याची नोंद, पूर्वी शिक्षा झालेली नसेल तर, पुसावी, असेही तोच कायदा म्हणतो. चौकाचौकांतले कॅमेरे चेहरे टिपतात, ते निराळेच.

मी या यंत्रांचा वैरी नव्हे. चोर सापडावा, हे कोणाला नको आहे? पण गुन्हा झाल्यावर ठसा शोधणे वेगळे, आणि ठसा आहे म्हणून माणसावर पाळत ठेवणे वेगळे. जलपायगुडीच्या खटल्याने पहिली वाट दाखवली, सोलापूरच्या तारेने दुसरी. यंत्राला दोन्ही सारख्याच. निवड करायची ती आपण.