‘नवे काही नाही’: लष्करी भाषेतून आलेले एका युद्धकादंबरीचे नाव

पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याचे सर्वोच्च मुख्यालय रोज एक युद्धवार्ता प्रसिद्ध करीत असे. कोणत्या आघाडीवर काय घडले, ते त्यात मोजक्या शब्दांत सांगितलेले असे. दखल घेण्याजोगी हालचाल नसेल, तर एका ओळीत विषय संपे. एरिक मारिया रेमार्कने १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या कादंबरीचे नाव याच सरकारी भाषेतून उचलले: ‘इम वेस्टेन निख्ट्स नोयेस’, म्हणजे ‘पश्चिमेकडे नवे काही नाही’.

इंग्रजीत त्याचे ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ झाले आणि अर्थ किंचित सरकला. मूळ नाव आघाडी शांत होती असे म्हणत नाही. कळवण्याजोगे काही घडले नाही, एवढेच म्हणते. फरक लहान दिसतो, पण कादंबरीचा सारा आरोप त्यातच आहे.

रेमार्कला १९१६ मध्ये सक्तीने सैन्यात भरती केले गेले. ३१ जुलै १९१७ रोजी फ्लँडर्समध्ये तो तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. आघाडीवरचा त्याचा काळ काही आठवड्यांचाच. तरीही त्याच्या पानांतील लष्करी शब्द पुस्तकी वाटत नाहीत. ‘ट्रॉमेलफॉयर’ हा शब्द घ्या. ढोल अखंड वाजत राहावा तसा, एकेक आवाज वेगळा काढता येऊ नये असा तोफांचा मारा. मुरलेले सैनिक आवाजावरून गोळा ओळखतात. नव्या भरतीतल्या पोरांना ते जमत नाही आणि ती मरतात. विषारी वायूचेही तसेच. वर उघड्यावर असलेल्यांनी मुखवटे उतरवलेले पाहून खड्ड्यातली पोरे आपलेही काढतात. जड वायू मात्र खड्ड्याच्या तळाशी साचून राहिलेला असतो. संगिनीची कवायतीतली प्रतिष्ठा तर इथे पार उतरते. ती बरगड्यांत अडकते, म्हणून हातघाईत धार लावलेले फावडे बरे!

केमरिखचे उंची चामड्याचे बूट हे कादंबरीतले सर्वांत ठळक प्रतीक. त्याचा पाय कापला जातो, तो मरतो आणि बूट म्युलरकडे येतात. म्युलरनंतर ते निवेदक पाउल बॉयमरच्या पायांत. रेमार्क यावर भाष्य करीत नाही.

पाउल आपली कथा ‘मी’ म्हणून, बहुतांशी वर्तमानकाळात सांगतो. अगदी शेवटी हा ‘मी’ नाहीसा होतो. कोणी अनाम तृतीयपुरुषी आवाज पाउल ऑक्टोबर १९१८ मध्ये मारला गेल्याचे सांगतो, आणि त्या दिवशीच्या युद्धवार्तेत एवढेच असते की पश्चिमेकडे नवे काही नाही.

१० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. त्यात रेमार्कचे पुस्तक टाकताना ठेवलेला आरोप होता, महायुद्धातील सैनिकांशी साहित्यातून द्रोह केल्याचा.