परभणी क्रांती आणि लाल रेघ मारलेलं एक वाक्य

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एका वाक्याखाली गाईडनी लाल रेघ मारली होती. वाक्य असं : 'परभणी क्रांती या भेंडीच्या वाणाला लघु आरएनएमुळे केवडा रोगाचा प्रतिकार मिळाला.' बाजूला एकच शब्द, 'पुरावा?' तो माझ्याकडे नव्हता. ही चूक तुमच्याकडूनही होऊ शकते, म्हणून तिचा इतिहास सांगतो.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा हा रोग 1924 मध्ये मुंबई इलाख्यात कुलकर्णी यांनी नोंदवला. तो विषाणूजन्य आहे, हे 1940 मध्ये उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी दाखवलं. पांढरी माशी तो पसरवते. पुसा सावनी या वाणाने सुरुवातीला तग धरला, पण पुढे तोही बळी पडू लागला. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर अबेलमॉस्कस मॅनिहॉट या भेंडीच्या जवळच्या प्रजातीशी केला. त्यातून निवडत निवडत परभणी क्रांती हा वाण तयार झाला. 1986 मध्ये तो हॉर्टसायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आता सालांकडे लक्ष द्या. 1986 मध्ये वनस्पतींत लघु आरएनए जनुकांवर नियंत्रण ठेवतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. 1990 मध्ये पेटुनियात रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तर रंग गडद होण्याऐवजी काही फुलं चक्क पांढरी झाली. 1993 मध्ये अ‍ॅम्ब्रोस आणि रुवकुन यांच्या प्रयोगशाळांनी सूत्रकृमीतला लिन-4 उलगडला. हा जेमतेम 22 अक्षरांचा आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाही. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचं प्रथिन रोखतो. बऱ्याच जणांना ही फक्त कृमीतली गंमत वाटली. (नोबेल मिळालं 2024 मध्ये!) 1998 मध्ये फायर आणि मेलो यांनी दुपदरी आरएनए जनुक गप्प करतो, हे दाखवलं. 1999 मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम यांना वनस्पतींत सुमारे 25 अक्षरांचे तुकडे सापडले, विषाणू लागलेल्या झाडांतसुद्धा.

म्हणजे झाड विषाणूच्या आरएनएचे डायसरने तुकडे करतं आणि आर्गोनॉट प्रथिन तोच तुकडा नमुना म्हणून वापरून जुळणारा आरएनए शोधून कापतं. केवड्याच्या विषाणूचा जीनोम डीएनएचा असला, तरी काम करायला त्याला आरएनए बनवावाच लागतो. विषाणूही गप्प बसत नाही. त्याच्या सोबतच्या उपग्रह डीएनएवरचं बीटा-सी-1 प्रथिन ही यंत्रणा दाबतं, हे 2007 मध्ये दाखवलं गेलं.

इथेच माझी गफलत झाली. 'झाडांकडे ही यंत्रणा आहे' हे विधान वेगळं आणि 'परभणी क्रांतीचा प्रतिकार तिच्यामुळेच होता' हे वेगळं. दुसऱ्यासाठी काय लागेल? पुसा सावनी आणि परभणी क्रांतीला एकाच विषाणूची लागण करून लघु आरएनए मोजायचे. फरक दिसला, तरी तो कारण आहे की परिणाम, हे कळत नाही. म्हणून ती यंत्रणा बिघडवून प्रतिकार जातो का, तेही पाहायचं. आज परभणी क्रांतीवरही अनेक ठिकाणी केवडा दिसतो, त्यामुळे विषाणू नेमका कोणता घेतला, हे आधी लिहायचं.

माझं दुरुस्त वाक्य : 'परभणी क्रांतीच्या प्रतिकारात लघु आरएनएचा वाटा आहे का, हे तपासायचे आहे.' गाईडनी या वेळी रेघ मारली नाही. तुमच्या सिनॉप्सिसमधलं 'मुळे' असलेलं प्रत्येक वाक्य आज एकदा काढून बघा.