पुलगांवचा मध्यान्ह आणि संगणकाचें घड्याळ

वर्धा नदीच्या कांठीं वसलेल्या पुलगांवीं सूर्य माथ्यावर येतो, तेव्हां प्रमाणवेळेच्या घड्याळांत, वर्षाची सरासरी धरिली तर, बारा वाजून सुमारें सतरा मिनिटें झालेलीं असतात. प्रमाणवेळ साडेब्यायशीं अंश पूर्व रेखांशावरून ठरविली आहे. पुलगांव अठ्ठ्याहत्तर अंशांच्या किंचित् पुढें. एका अंशास चार मिनिटें, हा हिशेब शाळकरी मुलासही येतो. परंतु हें अंतर सदैव सतरा मिनिटांचेंच नव्हतें. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, आणि पुढें हिंदुस्थानांतील आगगाड्या मद्रासच्या वेळेनें चालूं लागल्या. तेव्हां स्टेशनांतलें घड्याळ गांवच्या सूर्याच्या आठ मिनिटें पुढें असे. १ जानेवारी १९०६ रोजीं प्रमाणवेळ आली आणि आठाचीं सतरा झालीं. दुसऱ्या महायुद्धांत, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, सरकारनें देशांतील घड्याळें आणखी एक तास पुढें सारलीं. सतराचीं सत्त्याहत्तर झालीं. सूर्य मात्र आपल्या ठिकाणीं होता.

मुंबई शहरानें याहून अधिक हट्ट धरिला. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असलेली आपली मुंबई-वेळ तेथें १९५५ पर्यंत टिकून राहिली. गाडी एका घड्याळाची, घर दुसऱ्या घड्याळाचें. प्रवाशानें बिछाना बांधतांना मनांत वजाबाकी करीत बसावें! दोन वेळा नांदविण्याचा त्रास नव्हता. त्रास होता तो त्यांची गल्लत होण्याचा. हीच गल्लत पुढें संगणकाच्या कामांत मोठ्या किंमतीची ठरली.

संगणकाच्या पोटांत एक घड्याळ असतें. व्याजाची आकारणी, पेन्शनचा हिशेब, तिकिटाची मुदत, हें सर्व त्या घड्याळास विचारून चालतें. आतां, जी आज्ञावली उद्यां, पुढल्या महिन्यांत किंवा दहा वर्षांनीं कशी वागेल हें आजच पाहावयाचें आहे, तिची परीक्षा घ्यावी कशी? दहा वर्षें थांबणें शक्य नाहीं. म्हणून तिला खोटी वेळ दाखवावी लागते.

ही गरज सर्वांच्या ध्यानीं आली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. पूर्वी संगणकाची स्मरणशक्ति फार महाग असे, म्हणून सालाचे शेवटचे दोनच आंकडे नोंदविण्याचा प्रघात पडला. ती काटकसर होती, आळस नव्हे. पण त्यायोगें १९२५ सालीं जन्मलेला मनुष्य २००० सालीं पंचाहत्तर वर्षांचा न ठरतां उणे पंचवीस वर्षांचा ठरूं लागला, आणि अशा मनुष्यास पेन्शन कोणतें मिळणार? १९९० नंतरच्या दशकांत ह्या दुरुस्तीचें पुष्कळ काम परदेशांतून भारतांत आलें. मुंबईंत १९६८ सालीं स्थापन झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व तिच्यासारख्या इतर कंपन्या ह्यांनीं तें केलें.

परीक्षेची पहिली रीत सरळ होती. यंत्राचें घड्याळच ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्रीं ११ वाजून ५९ मिनिटांवर नेऊन ठेवावयाचें आणि मिनिटभर वाट पाहावयाची. परंतु ह्या रीतींत धोका होता. त्याच यंत्रावरील दुसऱ्या आज्ञावल्यांनाही साल उलटलें असें वाटे. कोणाच्या परवान्याची मुदत संपे, कोणाचा परवलीचा शब्द बाद होई. घड्याळ पुन्हां मागें आणावें, तों परीक्षेंत लिहिलेले कागद उद्यांच्या तारखेचे होऊन बसलेले; मग खरोखर नवा कागद कोणता व जुना कोणता हें यंत्रास कळेनासें होई. म्हणून ही परीक्षा वेगळ्या, ओस यंत्रावर घेणें शहाणपणाचें ठरलें.

दुसरी रीत अधिक नाजूक. घड्याळ आणि आज्ञावली ह्यांच्यामध्यें एक दुभाषी बसवितात. आज्ञावलीनें वेळ विचारिली कीं तो आपल्या मनांतली वेळ सांगतो. इतरांस मात्र खरी वेळच मिळते. ह्याहूनही उत्तम रीत म्हणजे आज्ञावली लिहितांनाच तिनें भिंतीवरील घड्याळाकडे पाहूं नये, वेळ तिच्या हातीं बाहेरून द्यावी, अशी रचना करणें. मग परीक्षक तिला हवा तो क्षण देऊं शकतो.

क्षण निवडण्यांतही कसब आहे. २९ फेब्रुवारी २००० हा दिवस असाच फसवा होता. चारानें भाग जाणारें साल लीप, शंभरानें भाग जाणारें नव्हे, पण चारशेंनीं भाग जाणारें पुन्हां लीप. ज्या लेखकास पहिला नियम एवढाच ठाऊक होता तो तरला; ज्यास दोन ठाऊक होते तो बुडाला!

मागचा काळही परीक्षेंतून सुटत नाहीं. १९४३ सालीं जन्मलेल्या मनुष्याची जन्मतारीख संगणक पुष्कळदां त्या दिवसाच्या मध्यरात्रीं बाराची धरून ठेवतो. ती ग्रीनिचच्या वेळेंत बदलतांना युद्धकाळचा वाढीव तास हिशेबांत घेतला आणि परत वाचतांना तो विसरला, तर आदल्या रात्रीचे अकरा वाजतात. जन्मतारीखच एक दिवस मागें सरकते. म्हणून परीक्षकांच्या कोष्टकांत युद्धकाळचा तो तास आजही लिहिलेला असतो.

पुढचा क्षणही ठरलेला आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. जुन्या घडणीच्या यंत्रांत ही मोजणी २१४ कोटी ७४ लक्ष ८३ हजार ६४७ ला संपते. तो क्षण म्हणजे १९ जानेवारी २०३८, मंगळवार, प्रमाणवेळेनें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद. नव्या यंत्रांत मोजणीची जागा वाढविली आहे. जेथें ती वाढविलेली नाहीं, तेथें पुढल्याच सेकंदाला घड्याळ उलटून ग्रीनिचच्या १३ डिसेंबर १९०१ वर जाईल. म्हणजे प्रमाणवेळ जन्मासही आली नव्हती आणि पुलगांवच्या स्टेशनांत मद्रासची वेळ चालू होती त्या काळांत. पुलगांवच्या सूर्याप्रमाणें पाहिलें, तर त्या सकाळीं अजून साडेआठही वाजलेले नसतील.