सकाळ (दैनिक)

पुण्यातून प्रसिद्ध होणारे मराठी दैनिक. स्थापना १ जानेवारी १९३२. संस्थापक-संपादक डॉ. नारायण भिकाजी ऊर्फ नानासाहेब परुळेकर (१८९८–१९७३).

स्थापना व स्वरूप : परुळेकरांचे उच्च शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाले. अमेरिकी वृत्तपत्रांचे कामकाज तेथे त्यांनी जवळून पाहिले. त्या काळातील मराठी पत्रांचा भर अग्रलेखावर आणि मतप्रचारावर होता. परुळेकरांनी बातमीला पहिले स्थान दिले. गावोगावचे वार्ताहर, शहरातील नागरी प्रश्न आणि सोपी भाषा यांमुळे राजकारणात फारसा रस नसलेला वाचकही ‘सकाळ’शी जोडला गेला. १९८०च्या दशकात पत्राची मालकी पवार कुटुंबाकडे आली. पुढे आवृत्त्यांचा विस्तार राज्यभर झाला. 

चित्रमालिका : अमेरिकेतील दैनिकांत चित्रमालिका एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजल्या. मराठी पत्रांची ओळख मात्र प्रामुख्याने एका चौकटीच्या व्यंगचित्राची, तेही बहुधा राजकीय. या पार्श्वभूमीवर २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झालेली ‘चिंटू’ ही मालिका महत्त्वाची ठरते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर हे तिचे निर्माते, चित्रे पंडितांची. मध्यमवर्गीय घरातील खोडकर मुलगा चिंटू, त्याचे आई-पप्पा, आजी-आजोबा, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या ही मित्रमंडळी आणि शेजारच्या जोशीकाकू एवढ्यांत तिचे जग सामावते. शाळा, अभ्यास, खाऊ, गल्लीतील क्रिकेट हे तिचे विषय. मोजक्या चौकटी, मोकळी रेषा आणि घरातल्या बोलीतील चुरचुरीत संवाद ही तिची वैशिष्ट्ये होत.

ही मालिका पुढे काही काळ ‘लोकसत्ता’तही प्रसिद्ध झाली. तिचे अनेक संग्रह निघाले. श्रीरंग गोडबोले यांनी तिच्यावर ‘चिंटू’ (२०१२) आणि ‘चिंटू २’ (२०१३) हे चित्रपट दिग्दर्शित केले.

महत्त्व : परुळेकरांनी पत्र घरातील प्रत्येकासाठी खुले केले, ‘चिंटू’ने त्यात लहान मुलांनाही हक्काची जागा मिळवून दिली. मराठी मातीतले पात्र रोजच्या चित्रमालिकेत वर्षानुवर्षे टिकू शकते, वाचक त्याची वाट पाहतात, हे या मालिकेने सिद्ध केले. मराठी बालसाहित्याचा विचार करताना पुस्तके आणि मासिके यांच्याबरोबर दैनिकातील ही छोटी पट्टीही अभ्यासली पाहिजे.