खान्देशातला पिंग

ऑनलाइन खेळात बंदुकीचा चाप ओढला की तो संदेश सर्व्हरकडे जातो आणि निकाल घेऊन परत येतो. या जाण्या-येण्याला लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. खेळणारे त्यालाच पिंग म्हणतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायला १० मिलिसेकंद तरी लागतातच. त्यात कोणत्याही कंपनीला घासाघीस करता येत नाही. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. या हिशेबाने जळगावहून मुंबईचा पिंग चार-पाच मिलिसेकंद आणि धुळ्याहून त्याहूनही कमी असायला हवा. तरीही या दोन शहरांतल्या खेळाडूंनी अनेक वर्षे शंभर, दोनशे, कधी चारशेचा आकडा पाहिला, कारण त्यांचा सर्व्हर मुंबईत नव्हताच. तो सिंगापूरला, युरोपात किंवा अमेरिकेत होता. खान्देशातल्या लॅगचा, म्हणजे या उशिराचा, इतिहास पाहायचा तर सर्व्हर कुठे ठेवले गेले आणि तिथवरची वाट कुठून कुठे गेली, हे पाहावे लागते.

निर्णय दूर होतो आणि तो उशिरा कळतो, याचा फटका या मुलखाला जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धात लिव्हरपूलला कापूस कमी पडला आणि खान्देशच्या कापसाला एकाएकी भाव आला. मात्र तिकडच्या भावाची बातमी इकडे बोटीच्या टपालाने कित्येक आठवड्यांनी पोचे. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून तारेचा मार्ग सुरू झाला, तरी त्यावरचे निरोप दिवसचे दिवस रखडत आणि बऱ्याचदा मजकूर बिघडून येत. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला लागली, तेव्हा लंडनचा निरोप काही तासांत येऊ लागला. वाटांमधला फरकही तेव्हाचाच. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य मार्ग जळगाव-भुसावळवरून गेला. धुळे त्यापासून बाजूला राहिले आणि चाळीसगाव-धुळे फाटा १९०० मध्ये झाला. धुळ्याची भिस्त आग्रा रोडवर होती. हा फरक आजही पुसलेला नाही. २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेलने रेल्वेच्या हद्दीतूनच ऑप्टिकल फायबर नेले, तर इतर कंपन्यांच्या केबल बव्हंशी महामार्गांच्या कडेने गेल्या.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, पण ते आधी महानगरांत. जिल्ह्याच्या गावांत डायल-अप जोडणी रुळायला नवे शतक उजाडले. डायल-अपवर झटपट खेळ खेळणे जवळजवळ अशक्यच होते, कारण संदेश गावाबाहेर पडण्याआधी मोडेमच शंभराच्या वर मिलिसेकंद खाई. म्हणून खान्देशातल्या संगणकी खेळांची पहिली पिढी इंटरनेटवर घडलीच नाही. ती घडली सायबर कॅफेत आणि इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत. चार-सहा संगणक एका स्विचला जोडायचे, तासाचे पैसे भरायचे आणि काउंटर-स्ट्राइक किंवा एज ऑफ एम्पायर्सचा डाव मांडायचा. तिथे सर्व्हर म्हणजे शेजारच्या खुर्चीपुढचा डबा, त्यामुळे पिंग नगण्य. पुढे हीच मुले ऑनलाइन गेली तेव्हा नेम तोच असूनही गोळी लागेना. या पिढीला लॅगचा इतका राग का, याचे उत्तर बरेचसे या कॅफेत सापडते.

बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ च्या जानेवारीत आले आणि घरच्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून चालू लागले. वेग वाढला, पण पिंग त्या मानाने उतरला नाही. तांब्याच्या जुन्या तारेवर चुका फार होतात, विशेषतः पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरल्यावर. त्या दुरुस्त करण्यासाठी एक्स्चेंजमधले यंत्र माहितीचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून पाठवते. इंटरलीव्हिंग नावाच्या या युक्तीने फाइल बिनचूक उतरते, खेळाडूच्या पिंगमध्ये मात्र दहा-वीस मिलिसेकंदांची भर पडते. जाणकार मुले एक्स्चेंजमध्ये खेटे घालून आपल्या लाइनवरचे इंटरलीव्हिंग काढून घेत. काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ पर्यंतचा वापर मोजला जात नसे, म्हणून खेळांच्या भल्यामोठ्या फाइल त्याच वेळेत उतरवल्या जात. त्यातच भारनियमनाचा काळ. वीज गेली की मोडेम बंद आणि डावही बंद.

गावापुढची वाट आणखी वाकडी होती. देशातल्या देशात इंटरनेट कंपन्यांनी एकमेकींशी माहितीची देवघेव करावी म्हणून निक्सी ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. त्याआधी एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाचा संदेश दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाकडे जाताना परदेशी फेरी मारून येई. निक्सीनंतरही सगळ्यांनी तिथे मनापासून देवघेव केली असे नाही. बहुतेक खेळांना भारताजवळचा सर्व्हर सिंगापूरचाच होता, आणि सिंगापूरच्या थेट केबल मुख्यतः चेन्नईत लागत. २००२ मध्ये सुरू झालेली चेन्नई-सिंगापूर केबल सुमारे ३,२०० किलोमीटरची आहे. जळगावचा संदेश आधी पश्चिमेला मुंबईत, तिथून जमिनीवरून सुमारे तेराशे किलोमीटर चेन्नईला आणि मग समुद्रात. एकूण अंतर जवळपास पाच हजार किलोमीटर, म्हणजे निव्वळ प्रकाशाच्या हिशेबाने जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद. वाटेतल्या राउटरांची आणि गर्दीची भर घातली की ८० ते १२० हा आकडा नशीब बरे असल्याचे लक्षण मानला जाई. युरोपच्या वाटेवर ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट कित्येक दिवस रखडले. युरोपातल्या सर्व्हरवर खेळणे त्या काळात सोडूनच द्यावे लागले.

हा उशीर झाकण्याची तंत्रे खेळांमध्येच आहेत. १९९६ च्या क्वेकवर्ल्डमध्ये प्रोग्रामर जॉन कारमॅकने सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूची हालचाल त्याच्याच संगणकावर लगेच दाखवण्याची सोय केली. वाल्व कंपनीने हाफ-लाइफच्या काळात पुढचे पाऊल टाकले. गोळी झाडली त्या क्षणी खेळाडूला पडद्यावर काय दिसत होते, हे सर्व्हर काळ मागे नेऊन तपासू लागला. त्यामुळे दूरच्या खेळाडूचीही गोळी लागते, पण समोरचा भिंतीआड पोचल्यानंतर मरतो. म्हणून सिंगापूरचे खेळाडू भारतीयांच्या लॅगवर खवळत आणि भारतीय खेळाडू आपल्याच लॅगवर. दोघांचीही तक्रार खरी होती. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे सुमारे दर ८ मिलिसेकंदांनी, खेळाची स्थिती नव्याने मांडतो. ८० पिंगचा खेळाडू अशा दहा मांडण्या मागे असतो. कोपऱ्यावर समोरासमोर आल्यावर एवढा फरक जीव घ्यायला पुरतो.

२०१५ नंतर चित्र पालटले, आणि ते खेळांसाठी नव्हे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपली क्लाउड केंद्रे उघडली ती बँका, दुकाने आणि सरकारी कामांसाठी. पण तिथे जागा भाड्याने मिळू लागल्यावर खेळांच्या कंपन्यांना स्वतःची यंत्रे आणून बसवण्याची गरज उरली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि खान्देशातल्या हजारो मुलांचे पहिले खेळयंत्र संगणकाऐवजी फोन झाले. २०२० मध्ये व्हॅलोरंट आला तेव्हा ७० टक्के खेळाडूंना ३५ मिलिसेकंदांच्या आत पिंग देण्याचे कंपनीचे उद्दिष्ट होते. भारतीय खेळाडू सुरुवातीला उरलेल्या ३० टक्क्यांत मोडले, कारण त्यांचा सर्व्हर सिंगापूरला होता. मुंबईचा सर्व्हर काही महिन्यांनी आला. पबजी मोबाइलवर त्याच वर्षी सप्टेंबरात बंदी आली. त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, जुलै २०२२ मध्ये तीही हटवली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. या काळात पिंग किती हा प्रश्नच मागे पडला. खेळ चालू आहे का, हेच आधी पाहावे लागे.

सर्व्हर मुंबईत आल्यावर खान्देशच्या लॅगचे दुखणे गावात परतले. घरी फायबर असेल तर मुंबईचा पिंग दहा-वीसच्या आसपास राहतो, पण मोबाइलवर संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की तो क्षणात वीस आणि क्षणात दोनशे होतो. स्थिर ८० परवडतो, असा उड्या मारणारा नाही. महामार्गाच्या रुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली की गावेच्या गावे तासन्‌तास बंद पडतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी टॉवरची रेंज मिळणे हीच पहिली पायरी आहे. जळगाव आणि धुळे यांच्यात जेमतेम नव्वद किलोमीटर आहेत. तरी या दोन शहरांतले खेळाडू एकमेकांशी खेळतात तेव्हा दोघांचेही संदेश मुंबईला जाऊनच एकमेकांना भेटतात.

सगळेच खेळ मुंबईत आलेले नाहीत. एपेक्स लेजंड्ससारख्या खेळांचे भारतीय खेळाडू वर्षानुवर्षे सिंगापूरच्याच सर्व्हरवर खेळत आले. पैसे मोजणारे खेळाडू थोडे म्हणून सर्व्हर नाही आणि सर्व्हर नाही म्हणून खेळाडू वाढत नाहीत, हे चक्र कंपन्यांनीच तोडायचे असते. ग्राहकाने महागडी जोडणी घेऊन ते तुटत नाही. चांगल्या फायबरने आणि वाय-फायऐवजी थेट वायर लावल्याने वाचतात ते गावातले मिलिसेकंद, समुद्रातले नव्हेत. तेव्हा जळगाव-धुळ्यात बसून नवा खेळ विकत घेणाऱ्याने त्याच्या सर्व्हरच्या यादीत मुंबई आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे.